गल्ली, गाळा आणि मॉल : खान्देशातील दोन बाजारनगरी

धुळ्याच्या जुन्या शहरात पत्ता विचारणाऱ्याला नावाऐवजी आकडा ऐकू येतो. चौथी गल्ली, पाचवी गल्ली, सहावी गल्ली. पुण्याच्या पेठा वारांवरून ओळखल्या जातात, इतर गावांची आळ्या-वाडे एखाद्या देवळावरून किंवा घराण्यावरून. धुळ्याच्या गल्ल्यांना मात्र क्रमांक आहेत. वस्ती आपोआप वाढली की तिला नावे पडतात आणि कागदावर आखून वसवली की क्रमांक पडतात. धुळे आखून वसवलेले शहर आहे, आणि ते वसवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रामुख्याने व्यापारी होता.

पेशवाई संपल्यावर १८१८ साली खान्देश इंग्रजी अमलाखाली आला. प्रदेश तेव्हा पुरता खचलेला होता. १८०३ च्या दुष्काळात धुळे ओसच पडले होते, आणि पुन्हा वसले तरी ते एक लहानसे गाव राहिले. भोवती बागायती, एका बाजूला पाटाचे पाणी, दुसऱ्या बाजूला पांझरा नदी, त्यांच्या बेचक्यात जेमतेम काही घरे. कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने जिल्ह्याचे ठाणे म्हणून हेच गाव निवडले. ते मध्यवर्ती होते, आणि दक्षिणेकडून उत्तर हिंदुस्थानात जाणाऱ्या हमरस्त्यावर होते. कचेरी बांधणे सोपे होते. बाजार कसा बांधायचा, हा खरा प्रश्न होता.

ब्रिग्जने त्याचे उत्तर जमिनीत शोधले. १८१९ पासून नव्या धुळ्याची आखणी झाली, आणि व्यापाऱ्यांना व इतरांना तेथे येऊन राहण्याचे आमंत्रण देण्यात आले. घरासाठी जागा मिळे ती कायमची, बिनभाड्याची. जुन्या रहिवाशांना आणि परगावाहून येणाऱ्यांना पक्की घरे बांधण्यासाठी आगाऊ रकमाही दिल्या गेल्या. नव्या राजवटीला दुकानभाड्याची निकड नव्हती, तिला माणसे हवी होती. दुकान उघडले की गाडी थांबेल, गाडी थांबली की सराई चालेल, सराई चालली की रस्ता सुरक्षित राहील, आणि रस्ता सुरक्षित राहिला की जकात आणि शेतसारा दोन्ही वाढतील, असा तो सरळ व्यापारी हिशेब होता. साहेब लष्करी असला तरी हा हिशेब एखाद्या मुरलेल्या सावकाराला शोभावा असा आहे.

ज्या घराण्यांनी त्या काळात किंवा त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांत येथे बस्तान बसवले, त्यांच्या वास्तूची एक ठरावीक रचना झाली. रस्त्याला लागून ओटा, ओट्यामागे फळ्यांच्या दाराचे दुकान, दुकानात गादी आणि लोड, मागे माल ठेवण्याची कोठी, आणि वर राहते घर. जिन्याच्या बारा-पंधरा पायऱ्या हे दुकान आणि स्वयंपाकघर यांतील सारे अंतर. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम पाळणाऱ्या व्यापारी कुटुंबाला या रचनेइतकी सोयीची दुसरी रचना सापडणे कठीण. गादीवरचा माणूस वर जाऊन दोन घास खाऊन खाली येईपर्यंत गिऱ्हाईक ओट्यावरच बसलेले असे. दुकान आणि घर यांच्यात भाडेकरार आलाच तर तो भावाभावांतला असे, आणि तो बहुधा कागदावर नसे.

१८७२ च्या पुराने धुळ्यातील घरांचे आणि मालमत्तेचे मोठे नुकसान केले. तरी बाजार हलला नाही. जागा स्वतःची असली की माणूस पडलेली भिंत पुन्हा उभारतो. भाड्याची असली की आधी मालकाकडे जातो.

आजचा आग्रा रोड हा त्या जुन्या हमरस्त्याचाच शहरातील तुकडा. मुंबईहून आग्र्याकडे जाणारी अवजड वाहने आता शहराला वळसा घालून निघून जातात, पण नाव राहिले आहे आणि बाजारही राहिला आहे. पाचकंदील चौकाच्या आसपास सकाळी दहानंतर चारचाकी घालणाऱ्याला पश्चात्ताप होतो. कापडाची दुकाने, भांड्यांची दुकाने, सराफी, किराणा, त्यांच्यापुढे हातगाड्या, हातगाड्यांपुढे टोपल्या. ब्रिग्जच्या काळात जो रस्ता ऐसपैस वाटला असेल, तो आता दोन्ही बाजूंनी इतका आत सरकला आहे की मधून दोन रिक्षा जेमतेम जातात. अतिक्रमण हटवण्याची मोहीम येते, चार दिवस रस्ता रुंद दिसतो, पाचव्या दिवशी टोपल्या परत येतात. दुकानदार हातगाडीवाल्यावर चिडतो हे खरे, पण गर्दी हातगाडीमुळेच आहे हे त्यालाही ठाऊक असते.

या गल्ल्यांतील खरी गुंतागुंत दर्शनी भागात दिसते. तीस फुटांचे एक दुकान दोन पिढ्यांत दहा-दहा फुटांची तीन दुकाने होते. वाटणी झाली की प्रत्येक भावाला रस्त्यावरचा तोंडवळा हवा असतो. मागची खोली कोणालाच नको असते. त्यामुळे दुकाने बोगद्यासारखी अरुंद आणि लांब होत गेली. काही वास्तूंत पागडीचे भाडेकरू आहेत. ही पागडी दीर्घकाळ पडद्याआडचा व्यवहार होती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने तिला कायद्याच्या चौकटीत घेतले. तो अधिनियम ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यामुळे जुन्या भाडेकरूच्या पाठीशी एक भक्कम कायदा आहे. मालकाला तो जाचतो, भाडेकरूला तो तारतो. तरीही दोघांपैकी कोणालाही उद्या सकाळी उठून दुकान गमावण्याची भीती नसते. ही बाब येथे नोंदवून ठेवावी, कारण पुढे जळगावात तिचीच उणीव जाणवणार आहे.

धुळ्याची नवी वाढ पांझरेपलीकडे देवपुरात झाली. बंगले, महाविद्यालये, दवाखाने, आणि त्यांच्या मागोमाग तळमजल्यावर दुकाने असलेल्या इमारती. पाच-सहा मजली इमारतीत खाली मोबाइलचे दुकान, वर कोचिंग क्लास, त्यावर दंतवैद्य, असा आता सर्वत्र दिसणारा थर. तरीही लग्नाचा बस्ता बांधायचा म्हटले की कुटुंब पूल ओलांडून जुन्या शहरातच येते. धुळ्यात बाजाराचे केंद्र दोनशे वर्षांत फारसे सरकलेले नाही.

धुळ्याहून जळगावकडे जाणारा रस्ता पारोळा आणि एरंडोल या गावांवरून जातो. अंतर शंभर किलोमीटरच्या आतच. दोन्ही जुनी, एके काळी प्रतिष्ठेची गावे. जळगावच्या पलीकडे काही मैलांवर नशिराबाद आहे. जुन्या काळात जळगावापेक्षा त्याचे नाव मोठे होते. या गावांकडे पाहिले की बाजार किती निष्ठुरपणे पत्ता बदलतो ते समजते. १८६० च्या दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग खान्देशातून पुढे गेला आणि त्यावर जळगावचे स्थानक आले. नेमक्या त्याच वर्षांत, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसासाठी हिंदुस्थानाकडे डोळे लावून बसल्या होत्या. खान्देशचा कापूस बैलगाडीतून जळगावला येऊ लागला, तेथून मुंबईला आणि मुंबईहून विलायतेला. रस्त्याने धुळे घडवले, तसे रुळांनी जळगाव घडवले. नशिराबादचे मोठेपण हळूहळू आठवणीत गेले.

युद्ध संपले, भाव कोसळले, अनेकांचे दिवाळे वाजले. परंतु तोवर जळगावची सवय लागलेली होती. १८६४ साली नगरपालिका आली, नवा बाजार बांधला गेला, आणि पोलन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने एक नवी पेठ आखली गेली. ती पोलन पेठ आजही जळगावकरांच्या तोंडी आहे. पोलन कोण हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. १८७० च्या दशकात मूळजी जेठा यांच्या व्यापारी पेढीच्या कारभाराखाली खान्देश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी राहिली. मुंबईच्या काळबादेवीतील प्रसिद्ध कापड मार्केट ज्या नावाने ओळखले जाते तेच हे नाव, आणि जळगावचे मू. जे. महाविद्यालयही त्याच नावाचे. १९०६ साली खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि जळगाव पूर्व खान्देशाचे मुख्यालय बनले. कोर्ट आले, कचेऱ्या आल्या, वकील आले. कापूस, तेलबिया, डाळी, केळी आणि त्यांच्या जोडीला पगारी माणूस, अशी बाजाराची बैठक पक्की झाली. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या ४ लाख ६० हजारांवर होती आणि धुळ्याची ३ लाख ७५ हजारांवर. ठाण्याचे गाव मागे पडले आणि स्टेशनचे गाव पुढे गेले.

जळगावात उतरलेल्या प्रवाशाला सर्वप्रथम दिसतो तो नेहरू चौकातील सतरा मजली सरदार वल्लभभाई पटेल टॉवर. ही महापालिकेची इमारत. एवढ्या आकाराच्या शहराने सतरा मजल्यांची प्रशासकीय इमारत बांधावी, हे खान्देशाबाहेरच्या माणसाला अचंब्याचे वाटते. तिच्याभोवती एक फेरी मारली म्हणजे मात्र या शहराचा विसाव्या शतकाच्या अखेरचा स्वभाव लक्षात येतो. फुले मार्केट, सेंट्रल फुले मार्केट, गांधी मार्केट, गोलाणी मार्केट, बी. जे. मार्केट, चौबे मार्केट, वालेचा मार्केट, अशी नावे संपतच नाहीत. एका मध्यम आकाराच्या शहराच्या पालिकेने स्वतःच्या जागांवर इतकी व्यापारी संकुले उभी राहू द्यावीत, याचे दुसरे उदाहरण उत्तर महाराष्ट्रात सहज आठवत नाही.

संकुलांची कल्पना त्या काळात अतिशय उमदी होती, हे मान्य केले पाहिजे. रस्त्यावर पसरलेला बाजार उचलून छपराखाली न्यायचा, एकावर एक मजले चढवायचे, गाळे पाडायचे, आणि ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने व्यापाऱ्यांना द्यायचे. पालिकेच्या हाती उत्पन्न येते, जमीन पालिकेचीच राहते, आणि ज्या तरुणाकडे वडिलोपार्जित गल्ली किंवा ओटा नाही त्यालाही बाजारपेठेच्या मध्यभागी बूड टेकायला जागा मिळते. ही तिसरी बाब विशेष महत्त्वाची. धुळ्याच्या गल्लीत बाहेरच्या माणसाला दुकान मिळायचे तर कोणाची तरी वाटणी किंवा कोणाचे तरी दिवाळे व्हावे लागते. जळगावच्या संकुलांनी ती अट काढून टाकली. फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे, राजस्थानातून आलेली मारवाडी कुटुंबे, आसपासच्या तालुक्यांतील शेतकऱ्यांची शिकलेली मुले, सर्वांना एकाच जिन्याने वर जाता आले. फुले मार्केटमधील कापडाच्या आणि कपड्यांच्या ओळी, गोलाणीतील मोबाइलची आणि संगणकाची दुकाने, तेथील दुरुस्तीची टेबले, हा सगळा रोजगार त्या जिन्यानेच आणला.

जिन्याचा दुसरा गुण लवकरच कळला. तळमजल्यावर गर्दी मावत नाही. पहिल्या मजल्यावर ती निम्मी होते. दुसऱ्या मजल्यावर ज्याला नेमके तेथेच जायचे आहे तोच जातो. आपल्याकडचा ग्राहक हिंडता हिंडता खरेदी करतो, आणि हिंडणारा माणूस जिना चढत नाही. म्हणून वरच्या मजल्यांवर वकिलांची कार्यालये, छापखान्यांचे कक्ष, ट्रॅव्हल एजन्सी आणि बंद शटरे अशी सरमिसळ झाली. दुसरी अडचण सामाईक जागेची. गाळा ज्याचा त्याचा, पण पॅसेज कोणाचा, गच्ची कोणाची, स्वच्छतागृह कोणाचे? २०१७ च्या पावसाळ्यात गोलाणी मार्केटमधील अस्वच्छता इतकी विकोपाला गेली की प्रशासनाने संपूर्ण मार्केट बंद ठेवण्याचा आदेश दिला. शेकडो शटरे खाली आली आणि झाडलोट सुरू झाली. आपल्या उंबऱ्याच्या आत अगरबत्ती लावणारा व्यापारी उंबऱ्याबाहेरच्या चार फुटांकडे पाहत नाही, आणि ते चार फूट पाहण्याचे काम ज्यांचे आहे तेही पाहत नाहीत. असे वर्षानुवर्षे चालले की एक दिवस आदेश निघतो.

मूळ पेच मात्र कागदात होता. अनेक संकुलांतील भाडेपट्ट्यांची मुदत २०१२ साली संपली. एकदम दोन हजारांहून अधिक गाळ्यांची. तोपर्यंत दोन गोष्टी घडून गेल्या होत्या. पहिली अशी की मार्च २००३ मध्ये जळगाव नगरपालिकेची महानगरपालिका झाली. नाव बदलले एवढेच बहुतेकांच्या लक्षात आले. प्रत्यक्षात कायदाच बदलला. नगरपरिषदांचा १९६५ चा अधिनियम मागे पडला आणि महानगरपालिकांचा १९४९ चा अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ७९ प्रमाणे महापालिकेची मालमत्ता भाड्याने देताना मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी असता कामा नये, आणि कलम ८१-ब प्रमाणे महापालिकेच्या जागेत अनधिकृतपणे राहणाऱ्यास बाहेर काढण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. दुसरी गोष्ट अशी की जो भाडे नियंत्रण अधिनियम धुळ्याच्या गल्लीतील पागडीवाल्याला तारतो, तो शासनाच्या आणि स्थानिक संस्थांच्या मालकीच्या जागांना लागूच होत नाही. त्याच्या तिसऱ्या कलमातच तसे म्हटले आहे. म्हणजे पट्टा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पाचव्या गल्लीतील जुना भाडेकरू निर्धास्त झोपू शकतो, आणि फुले मार्केटमधील गाळेधारक कायद्याच्या लेखी परका ठरतो.

एका व्यापारी कुटुंबाच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे आकड्यांत पाहणे बरे. समजा, एखाद्या गाळ्याचे शासकीय दरतक्त्याप्रमाणे, म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे, मूल्य १५ लाख रुपये आहे. राज्य शासनाने २०१९ साली केलेल्या नियमांत भाड्याचा दर अशा मूल्याच्या ८ टक्के धरला होता. म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार, महिन्याला १० हजार. त्यावर वस्तू व सेवा कर १८ टक्के. ज्या कुटुंबाने दोन-तीन दशके अत्यल्प भाडे भरले आहे, त्याच्या रोजमेळात ही रक्कम अचानक कोठून यायची? तळमजल्यावरच्या चालत्या दुकानाला ती पेलेलही. दुसऱ्या मजल्यावरच्या दुकानाची महिन्याची विक्रीच कधी कधी तेवढी नसते. त्यात थकबाकीवर पाचपट दंडाची भाषा आली. गाळेधारकांनी बंद पाळले, धरणे धरली, निवेदने दिली. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. जप्तीच्या, गाळे सील करण्याच्या कारवाया झाल्या. राज्यभरातून ओरड झाल्यावर शासनाला पुढे नियमांत बदल करावे लागले. दरम्यान एका पूर्ण पिढीचा उमेदीचा काळ या एका प्रश्नाच्या सावलीत गेला.

बाजू दोन्ही समजून घेण्यासारख्या आहेत. गाळेधारक म्हणतो, बाजार आम्ही वसवला. पालिकेने भिंती दिल्या, गिऱ्हाईक आम्ही आणले. ते खोटे नाही. पालिका म्हणते, शहराच्या मध्यभागातील सार्वजनिक जमीन जुन्या भाड्यात काही हजार कुटुंबांकडे कायमची कशी ठेवता येईल. रस्ते, पाणी, दिवे यांचा पैसा उरलेल्या साडेचार लाख नागरिकांनी का द्यावा? तेही खोटे नाही. खटकते ते दोन्हीकडचे मौन. पट्ट्यावर मुदत स्वच्छ लिहिलेली असताना कित्येक गाळे मालकीचे असल्यासारखे हस्तांतरित झाले, त्यांवर पोटभाडेकरू बसले, मुलीच्या लग्नात ते मालमत्ता म्हणून सांगितले गेले. आणि तितकी वर्षे दर पाच वर्षांनी थोडे थोडे भाडे वाढवण्याचे सोपे पण अप्रिय काम कोणत्याही सभागृहाने केले नाही. निवडणूक जवळ असते, आणि व्यापारी मतदार असतो. दरसाल शंभर रुपयांनी वाढलेले भाडे कोणी लक्षात ठेवत नाही. एकदम शंभरपटीचे बिल आले की माणूस रस्त्यावर येतो.

ब्रिग्जच्या धुळ्याशी तुलना येथे आपोआप होते. त्याने जमीन देऊन टाकली आणि व्यापारी कायमचा बांधला गेला. किंमत अशी की शहराच्या हाती त्या जमिनीवर काही उरले नाही, आणि आज आग्रा रोड रुंद करायचा म्हटले तर एकेका वाड्याशी वाटाघाट करावी लागते. जळगावने जमीन हातची जाऊ दिली नाही. किंमत अशी की व्यापारी दोन हजार गाळ्यांत बसूनही पाहुणाच राहिला.

जळगावचे तिसरे रूप स्टेशनजवळ आहे. जेथे खान्देश मिलचा भोंगा वाजे, त्या गिरणीच्या जागेवर आता खान्देश सेंट्रल उभे आहे. काच, सरकते जिने, चित्रपटगृहे, आणि उन्हाळ्यात ४४-४५ अंशांच्या तापमानातून आत शिरणाऱ्याला वातानुकूलनाचा सुखद धक्का. मे महिन्यात जळगावात मॉलचे सर्वांत मोठे आकर्षण कोणते, हे वेगळे सांगायला नको. भारतात मॉल अवतरले ते १९९९ साली, मुंबईचा क्रॉसरोड्स आणि दिल्लीचा अन्सल प्लाझा. क्रॉसरोड्सला सुरुवातीला इतकी बघ्यांची गर्दी झाली की आत सोडताना मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड आहे का ते पाहिले जाई. दहा-बारा वर्षांत तोच मॉल विकला जाऊन त्याचे नावही बदलले. बघ्यांची गर्दी आणि गल्ल्यातील रक्कम यांतील फरक मुंबईला त्या दशकात समजला.

मॉलचा हिशेब गाळ्यापेक्षा निराळा असतो, आणि त्यात शिरू पाहणाऱ्या व्यापारी कुटुंबाने तो नीट वाचावा. येथे जागा बहुधा एकाच मालकाच्या किंवा कंपनीच्या हाती असते. भाड्यात एक किमान हमी रक्कम असते, किंवा विक्रीचा ठरावीक टक्का, जे जास्त असेल ते. सामाईक जागेच्या देखभालीचा आकार वेगळा. वीज, सुरक्षारक्षक, जाहिरात यांचा वाटा वेगळा. करारात लिहिलेले क्षेत्र आणि प्रत्यक्ष वापरता येणारे चटई क्षेत्र यांत मोठे अंतर पडू शकते. मोठ्या नावाजलेल्या दुकानाला मालक स्वतः बोलावून कमी दराने जागा देतो, कारण गर्दी तेच खेचते. त्या गर्दीची भरपाई मधल्या लहान दुकानांच्या दरांतून होते. शिवाय दुकान सकाळी ठरल्या वेळी उघडलेच पाहिजे आणि रात्री उशिरापर्यंत चालू राहिलेच पाहिजे. पर्युषणात दुपारी दुकान वाढवून स्थानकात जाणे, घरी कोणी आजारी असले की अर्धा दिवस शटर खाली ओढणे, ही मोकळीक करारात नसते. धुळ्याच्या गल्लीतील पंधरा पायऱ्यांचा जिना येथे शोधून सापडत नाही.

डी-मार्टची चाल याहून वेगळी. २००२ साली मुंबईत पवईला पहिले दुकान काढणाऱ्या या साखळीने शक्यतो जागा विकत घेऊनच दुकान काढण्याचे धोरण ठेवले. मोक्याच्या, महाग जागेऐवजी शहराच्या वाढत्या कडेला जायचे, जमीन आपली करायची, मग भाड्याच्या कटकटीतून सुटून भाव खाली ठेवायचे. जळगावातही तिचे दुकान आहे. महिन्याचा किराणा भरणारी पगारी कुटुंबे तिकडे वळली, आणि दाणा बाजाराच्या किरकोळ विक्रेत्याला ते जाणवले. गंमत अशी की एवढ्या आधुनिक साखळीचे मुख्य बळ म्हणजे आपल्या आजोबांचेच सूत्र, दुकानाची जागा स्वतःची असावी.

तरीही जळगावचे व्यापारी नाव ज्यांनी बाहेर पोहोचवले, त्यांचा इतिहास जागेच्या हिशेबात पूर्ण बसत नाही. येथील सराफा विदर्भापासून बऱ्हाणपूरपर्यंतचे गिऱ्हाईक खेचतो. राजमल लखीचंद ही पेढी आपला आरंभ १८५४ पासून सांगते, म्हणजे जळगावला रेल्वे येण्याआधीपासून. रतनलाल बाफना यांनी १९७४ साली आपली पेढी सुरू केली. लग्नसराईत अकोल्याचे किंवा खंडव्याचे कुटुंब पहाटेच्या गाडीने येते, दिवसभर दागिने निवडते आणि रात्रीच्या गाडीने परतते. वाटेतील दहा गावांत सराफ असताना ते येथे येते ते सोन्याच्या शुद्धतेवरील विश्वासाने. हा विश्वास कोणत्या मजल्यावर आहे आणि त्याचे प्रति चौरस फूट भाडे किती, हे दरतक्त्यात सापडत नाही. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी १९६३ साली जळगावात धंद्याला सुरुवात केली ती सात हजार रुपयांच्या भांडवलावर आणि हातगाडीवर रॉकेल विकून. त्या हातगाडीला गाळा क्रमांक नव्हता. त्यांच्या उद्योगसमूहाच्या परिसरातच २०१२ साली गांधी तीर्थ उभे राहिले, ज्या वर्षी बाजारातील गाळ्यांचे पट्टे संपले त्याच वर्षी.

दिवाळीत जळगावची संकुले पाहावीत. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फुले मार्केटच्या ओळींत प्रत्येक शटरवर झेंडूचे तोरण असते, उंबऱ्यावर हळदकुंकवाची पावले, गल्ल्यावर स्वस्तिक. आत आजोबा, मुलगा आणि नातू बसलेले असतात. नातू बहुधा पुण्याहून सुटीसाठी आलेला, त्याला येथे बसायचे आहे की नाही हे अजून कोणी विचारलेले नसते. संगणकावर हिशेब चालत असला तरी पूजेला लाल बासनातील कोरी चोपडी लागतेच. तिच्या पहिल्या पानावर शुभ आणि लाभ लिहिले जाते. शेजारच्या खणात भाडेपट्ट्याची पिवळी पडलेली प्रत, महापालिकेची बिले, वकिलाने दिलेल्या अर्जाच्या नकला एका पिशवीत नीट बांधून ठेवलेल्या असतात. ती पिशवी बाहेर काढण्याचा तो दिवस नसतो. पूजा आटोपते, पेढ्यांचा खोका शेजारच्या गाळ्यात जातो, तिकडून दुसरा खोका इकडे येतो, आणि तेवढ्यात जिन्याखाली कोणी गिऱ्हाईक साडीचा भाव विचारत उभे असते.